बुराटा उत्तम आणि रिझोट्टो चिकट: एकाच किचनमधून असे का येते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका देखण्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये सासूबाईंच्या साठीनिमित्त शनिवारी रात्री आपण घरची आठ माणसे जेवायला गेलात. सजावट, संगीत, वाढणाऱ्यांची अदब यांत नाव ठेवायला जागा नव्हती. बुराटा, म्हणजे आत साय भरलेले ताजे चीज, आणि पहिला पिझ्झा सर्वांना मनापासून आवडला. मशरूमचा रिझोट्टो, म्हणजे इटालियन पद्धतीचा सरसरीत भात, मात्र गोळा होऊन आला, पास्ता कोमट होता, नंतर मागवलेल्या पिझ्झ्याचा तळ पांढरट आणि मधला भाग ओला होता, आणि शेवटच्या तिरामिसूने, म्हणजे कॉफीच्या थंड गोड पदार्थाने, पुन्हा सर्वांना खूश केले. एवढे पैसे मोजूनही असे का व्हावे, हा नशिबाचा भाग आहे की किचनची हयगय, आणि तिथे पुन्हा जावे का, असे आपण विचारले आहे. हॉटेलांच्या किचनमध्ये बरीच वर्षे काढल्यावर आता ठाणे आणि नवी मुंबईतल्या रेस्टॉरंटांची किचन बसवून देण्याचे आणि तिथल्या मुलांना शिकवण्याचे काम मी करतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. इटालियन जेवणातल्या काही पदार्थांची चव आपण दारातून आत येण्याच्या कितीतरी आधी, दुपारच्या तयारीतच ठरून गेलेली असते. काहींची मात्र ताट टेबलावर येण्याआधीच्या शेवटच्या तीन-चार मिनिटांत ठरते, आणि दुपारी कितीही नेकीने तयारी केलेली असली तरी त्या मिनिटांत हात कमी पडले तर पदार्थ बिघडतो. आपल्याला आवडलेले बहुतेक पदार्थ पहिल्या प्रकारातले आहेत आणि फसलेले सगळे दुसऱ्या. म्हणजे त्या किचनची दुपार चांगली आहे आणि शनिवारची रात्र त्यांना झेपत नाही. हा दोष गंभीर आहे, पण दुरुस्त होण्याजोगा आहे. बुराटा आंबूस निघाला असता किंवा तिरामिसूला पाणी सुटले असते, तर मी आपल्याला तिथे पुन्हा जाऊ नका असे सरळ सांगितले असते, कारण माल पारखण्यात आणि थंड ठेवण्यात जिथे ढिलाई असते तिथे बाकीच्या गोष्टींवरही भरवसा ठेवता येत नाही.

बुराटा हा मूळचा दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांताचा, त्यातही आंद्रिया गावाचा पदार्थ. मोझरेलाच्या पिशवीत साय आणि मोझरेलाचे धागे भरून तो करतात, आणि तो थोडेच दिवस टिकतो. आता आपल्याकडच्या डेअऱ्याही तो चांगला करतात. किचनचे काम एवढेच की तो ताजा आणावा, वेळेवर फ्रिजबाहेर काढावा म्हणजे आतली साय मोकळी वाहते, आणि मीठ व चांगले ऑलिव्ह तेल घालून द्यावा. तिरामिसूचेही तसेच आहे. मास्कारपोने हे मऊ, सायीसारखे चीज नीट फेटले, बिस्किटे कॉफीत क्षणभरच बुडवली आणि ताटली काही तास फ्रिजमध्ये बसू दिली की रात्री फक्त वर कोको भुरभुरवायचा असतो. रात्री कितीही गर्दी झाली तरी हे पदार्थ सहसा बिघडत नाहीत.

पिझ्झ्याचे अर्धे काम दुपारचे आणि अर्धे रात्रीचे असते, म्हणूनच आपला पहिला पिझ्झा चांगला आणि दुसरा फसलेला निघाला. पिठाचे काम आधीचे असते. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचा गोळा कमीत कमी आठ तास, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फ्रिजमध्ये दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ, सावकाश फुगवतात. पहिल्या पिझ्झ्याची कड हलकी होती, तिच्यात पोकळ्या होत्या, असे आपण लिहिले आहे. त्यावरून पिठाची बाजू तिथे पक्की आहे हे कळते. दुसरी बाजू भट्टीची. इटलीतल्या नापोली शहराच्या पद्धतीचा पिझ्झा साधारण ४३० ते ४८० अंश सेल्सियसला साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो, आणि त्याचा तळ भाजण्याचे काम भट्टीतली दगडी फरशी करते. एकामागून एक थंड पिझ्झे त्याच जागी टाकत गेले की फरशी निवत जाते. वरच्या घुमटाची आच कायम राहते, म्हणून चीज वितळते, कडेवर काळे ठिपकेही उठतात, पण तळ पांढराच राहतो आणि मोझरेलाचे पाणी मधोमध साचते. जाणता पिझ्झा करणारा जागा बदलत राहतो, मधे मिनिट-दोन मिनिटे फरशीला तापू देतो आणि त्यासाठी ऑर्डर थोडी थांबवतो. शनिवारी रात्री सव्वानऊला त्याला थांबू देणारा कोणीतरी वरिष्ठ पाठीशी उभा लागतो.

आता रिझोट्टो. देखण्या रेस्टॉरंटांत सर्वांत जास्त वेळा फसणारा पदार्थ हाच आहे. त्यासाठी आर्बोरियो किंवा कार्नारोली जातीचा, टपोऱ्या दाण्याचा तांदूळ लागतो. गरम स्टॉक, म्हणजे भाज्या किंवा हाडे उकळून काढलेले पाणी, थोडा थोडा घालत, हलवत तो शिजवला की दाण्याच्या बाहेरच्या थरातला स्टार्च सुटून त्याचाच दाट रस्सा होतो आणि आतला दाणा शाबूत राहतो. याला सोळा ते अठरा मिनिटे लागतात. शेवटी भांडे आचेवरून उतरवून थंड लोणी आणि किसलेले चीज जोराने हलवून मिसळतात, त्याने सगळे एकजीव होते. गर्दीच्या रात्री प्रत्येक ताटासाठी अठरा मिनिटे एक माणूस आणि एक शेगडी अडकवणे कोणालाच परवडत नाही, म्हणून जवळजवळ सगळी रेस्टॉरंटे तांदूळ दुपारी दोन-तृतीयांशापर्यंत शिजवून ठेवतात आणि ऑर्डर आल्यावर चार-पाच मिनिटांत पुरा करतात. यात फसवणूक काहीच नाही, इटलीतही हे चालते.

सगळा फरक पडतो तो तांदूळ उतरवल्यानंतरच्या दहा मिनिटांत. तो लगेच मोठ्या स्टीलच्या ट्रेमध्ये बोटाच्या पेरापेक्षा पातळ थरात पसरला, त्यातली वाफ जाऊ दिली आणि थंड होताच फ्रिजमध्ये गेला, तर दाणा तिथेच थांबतो. तोच तांदूळ पातेल्यात ढिगाने राहिला, तर मधला भाग स्वतःच्या वाफेवर शिजत राहतो आणि सुटलेला स्टार्च दाण्यांना चिकटून त्याची खळ होते. मग रात्री त्यात कितीही स्टॉक ओतला तरी दाणे सुटे होत नाहीत, जास्त भिजलेल्या साबुदाण्याच्या खिचडीसारखी त्याची गत होते. ते लपवण्यासाठी भरपूर क्रीम घातले जाते आणि त्यात मशरूमची चव बुडते. आपण वर्णन केलेला गोळा, वरून चकाकणारी पांढरी साय आणि मशरूमचा वास नसणे, ही अगदी याचीच खूण आहे. शिजवलेला तांदूळ असा कोमट पडून राहणे आरोग्याच्या दृष्टीनेही वाईट, म्हणून मी ज्या किचनला जातो तिथे सर्वांत आधी दुपारी चार वाजता तांदळाचा ट्रे पाहतो.

चांगला रिझोट्टो ताटात उभा राहत नाही, पसरतो. ताट किंचित कलते केले तर तो सावकाश सरकायला हवा, आणि दाणा चावताना मधोमध अगदी बारीकसा कणखरपणा लागायला हवा.

इथे आपल्याकडची एक अडचण मोकळेपणाने सांगायला हवी. असा नीट शिजलेला रिझोट्टो किंवा दाताला किंचित लागणारा पास्ता अनेक टेबलांवरून ‘कच्चा आहे’ म्हणून परत येतो. ज्यांनी आयुष्यभर मऊ भात खाल्ला त्यांना तो कच्चा वाटणे अगदी स्वाभाविक आहे, यात पाहुण्यांचा काही दोष नाही. पण आठवड्यातून दहा ताटे परत आली की मॅनेजर किचनला ‘जरा जास्त शिजवा’ असे सांगतो, शेफ एका माणसाला जुन्या पद्धतीने आणि दुसऱ्याला नव्या पद्धतीने करायला सांगून बसतो, आणि मग त्या किचनमध्ये कोणतेच एक माप उरत नाही. त्याच मेनूतला तोच पदार्थ मंगळवारी एक आणि शनिवारी दुसराच लागतो, त्याचे हे फार मोठे कारण आहे. यावर उपाय वाढणाऱ्याच्या हातात आहे. ऑर्डर घेतानाच त्याने ‘दाणा थोडा कणखर राहील, चालेल ना?’ असे विचारावे आणि उत्तर केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहावे. ही साधी सवय ज्या रेस्टॉरंटांनी लावून घेतली तिथली परत येणारी ताटे कमी झालेली मी पाहिली आहेत.

पास्ता कोमट येण्यामागे आचेपेक्षा वेळेचा भाग जास्त असतो. आठ माणसांच्या टेबलाला दोन पिझ्झे, तीन पास्ते, एक रिझोट्टो असे एकत्र जायला हवे असते. पिझ्झा दीड मिनिटात तयार, पास्ता चार मिनिटांत, ग्रिलवरचे चिकन पंधरा मिनिटांत. किचन आणि हॉल यांच्या मधल्या कट्ट्याला आम्ही पास म्हणतो. तिथे उभ्या असलेल्या शेफने कोणते तव्यावर कधी टाकायचे हे हाक देऊन ठरवायचे असते. तो माणूस नसला, किंवा तोच ग्रिलही सांभाळत असला, तर जे आधी तयार झाले ते पासवर थांबून राहते. पास्त्याला ही प्रतीक्षा मुळीच सोसत नाही. पास्त्याचे पिठूळ पाणी आणि तेल किंवा लोणी पॅनमध्ये जोराने उसळवून जो चकचकीत, शेवयांना बिलगणारा रस्सा होतो, तो काही मिनिटांतच आटतो, तेल कडेला सुटते आणि शेवया एकमेकींना चिकटतात.

त्यात भर पडते ती देखण्या भांड्यांची. रुंद काठाची, उथळ, जाड सिरॅमिकची ताटे फोटोत सुंदर दिसतात, पण मूठभर पास्ता त्यात पसरला की वर एसीचा झोत आणि खाली थंड ताट यांत तो चटकन निवतो. ताटे तापवून ठेवायचे कपाट फार महाग नसते, तरी बांधकामाच्या वेळी जागा वाचवायला सर्वांत आधी तेच कापले जाते. हॉलमधल्या झुंबरासाठी जागा असते आणि ताटांच्या कपाटासाठी नसते, याचे मला फार वाईट वाटते, कारण गरम ताटाने पाहुण्यांच्या जेवणात जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच झुंबराने पडत नाही.

शनिवारच्या रात्रीचा ठाण्यातला आणखी एक ताण आहे. साडेसात आणि आठची टेबले लावलेली मंडळी घोडबंदरच्या वाहतुकीत अडकतात आणि पावणेनऊला सगळी एकदम येतात. ज्या ऑर्डरी दीड तासात विभागून यायच्या त्या वीस मिनिटांत येऊन पडतात. नेमक्या त्याच वेळी डिलिव्हरीच्या ऑर्डरी सुरू असतात आणि त्याच तीन शेगड्यांवरून निघतात. डिलिव्हरीला उशीर झाला की दंड आणि वाईट शेरा लगेच दिसतो, हॉलमधला पाहुणा मात्र बहुधा गप्प बसतो, म्हणून दडपणाखालचा माणूस डिलिव्हरीचे आधी करतो. बसून जेवणाऱ्यांचे भाडे, सजावट आणि सेवा यांचे पैसे घ्यायचे आणि किचनमध्ये त्यांना मागे ठेवायचे, हे मला पटत नाही. शनिवारी साडेआठ ते दहा डिलिव्हरी बंद ठेवावी, असे मी मालकांना नेहमी सांगतो. काही ऐकतात.

आणि मुळाशी पैशांची वाटणी असते. अशी रेस्टॉरंटे सुरू करताना नाव असलेला सल्लागार शेफ आणतात, तो मेनू बसवतो, मुलांना शिकवतो आणि काही महिन्यांनी आपल्या पुढच्या कामाला जातो. त्याने शिकवलेल्यांपैकी निम्मे लोक वर्षभरात दुसरीकडे गेलेले असतात. मागे राहतो तो पन्नास पदार्थांचा मेनू आणि भिंतीवर लावलेली ग्रॅममधली रेसिपी. गढवाल, नेपाळ, बंगाल इथून आलेली ही मुले कष्टाळू आणि हुशार असतात. पण प्रत्येक ताट जाण्याआधी चमच्याने चाखायचे, ही सवय कोणीतरी रोज शेजारी उभे राहून लावावी लागते. मी पाहायला जातो तेव्हा प्रत्येक सेक्शनवर चाखायच्या स्वच्छ चमच्यांचा डबा आहे का आणि तो रात्री दहा वाजता वापरलेला दिसतो का, हे पाहतो. तो कोरडा असेल तर बाकी काही विचारायची गरज पडत नाही. मेनू निम्मा करा, हा माझा दुसरा नेहमीचा आग्रह. पाच चांगले पास्ते सांभाळता येतात, सतरा येत नाहीत.

ऋतूचाही थोडा परिणाम असतो. यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे त्या काळात कोळंबी किंवा माशांचा पास्ता बहुधा गोठवलेल्या मालाचाच असतो. पावसाळ्यात तुळशीच्या जातीची बेसिलची पाने लवकर काळी पडतात, तेव्हा त्या पानांच्या वाटणाच्या हिरव्या पेस्टोपेक्षा टोमॅटोचा सॉस बरा, कारण तो बहुतेक चांगल्या ठिकाणी इटलीहून आलेल्या डबाबंद टोमॅटोंचा असतो आणि बारमाही सारखा लागतो.

आता पुन्हा जावे का? माझ्या मते एकदा अवश्य जावे, पण मंगळवार ते गुरुवारपैकी एखाद्या दिवशी, साडेसातच्या आत आणि चारच माणसांनी. त्या दिवशी मुद्दाम रिझोट्टो आणि एक अगदी साधा पास्ता मागवा, शक्यतो लसूण, तेल आणि लाल मिरचीचा. त्यात क्रीम किंवा चीज यांच्या आड लपायला जागा नसते, म्हणून स्वयंपाक्याचा हात त्यात लगेच कळतो. तो चमकदार, गरम आणि मोकळा आला तर किचन चांगले आहे आणि आपला शनिवार गर्दीने बिघडला होता असे समजा. रिकाम्या हॉलमध्येही तो तेलकट आणि चिकट आला तर तिथे शिकवणारा कोणी उरलेला नाही.

शनिवारीच जायचे झाले तर मागणी वेगळी ठेवा. थर लावून भाजलेल्या पास्त्याचा लझान्या, टोमॅटो आणि चीज घालून भाजलेली वांग्याची पार्मिजाना, तासन्‌तास मंद आचेवर शिजलेला मांसाचा दाट रस्सा म्हणजे रागू, हे पदार्थ थांबून राहिल्याने बिघडत नाहीत, रागू तर मुरल्यावर अधिक चांगला लागतो. पिझ्झे हवे असतील तर सुरुवातीलाच मागवा आणि मधे ठेवून सर्वांनी वाटून खा. सगळे पदार्थ एकत्र आणा असा आग्रह धरू नका, ‘जसे तयार होईल तसे आणा’ असे सांगितले की पासवरचा थांबा टळतो आणि प्रत्येक गोष्ट गरम हातात पडते. आपल्याकडे मधे ठेवून वाढून घेण्याची पद्धत आहेच, ती इथे फार उपयोगी पडते.

ताट फसलेले आले तर पहिल्या दोन घासांतच सांगा. अर्धे संपवल्यावर सांगितले की वेटर अडचणीत येतो आणि किचनला नेमके काय चुकले ते कळत नाही. ‘आवडले नाही’ एवढेच न सांगता ‘तांदूळ गोळा झाला आहे’, ‘पिझ्झ्याचा तळ भाजलेला नाही’, ‘पास्ता थंड आहे’ असे नेमके सांगा. थंड पास्ता परत गरम करून आणू नका, नवा करा, असेही स्पष्ट म्हणा, कारण तोच पुन्हा पॅनमध्ये टाकला तर तो मऊ होऊन येतो. जबाबदार शेफला अशा नेमक्या तक्रारीची मदतच होते. घरी येऊन एक तारा देण्याने त्या रात्री काहीच बदलत नाही.

सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत असे आपण लिहिले आहे, तर पुढच्या वेळी दोन गोष्टी विचारून घ्या. इटलीतल्या पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो या चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी परंपरेने वासराच्या जठरातले रेनेट हे विरजणासारखे द्रव्य वापरतात, पेकोरिनो रोमानोमध्ये कोकराचे. आपल्याकडच्या अनेक डेअऱ्या मात्र सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरतात आणि ते शाकाहारींना चालते. म्हणून रिझोट्टोत कोणते चीज आहे ते विचारावे. तिरामिसूत मुळात कच्चे अंडे असते. बिनअंड्याचे बऱ्याच ठिकाणी मिळते, पण ते गृहीत धरू नये.

बिलात न विचारता लावलेल्या सेवाशुल्काबद्दलही आपण विचारले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप बिलात जोडता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना योग्य ठरवल्या. आपण ते काढून मागू शकता, नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. स्वतंत्र रेस्टॉरंटच्या बिलावरचा पाच टक्के जीएसटी मात्र द्यावाच लागतो. आपल्याला वाढणाऱ्या मुलांचे वागणे आवडले होते, तर स्वखुशीची टीप थेट त्यांच्या हातात द्यावी आणि त्यांच्याकडे ती किचनमध्येही वाटली जाते का, हे विचारायला हरकत नाही.